कापलेले श्वास

नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात गाण्याला फारसं काम नसतं. एकच ओळ असते, आणि ती अख्ख्या गोथेनबर्ग शहराला पहाटेपर्यंत पुरते. मी असलं संगीत बनवतो; माझ्या सगळ्या ओळी हेद्दाने, म्हणजे माझ्या बायकोने गायल्या. रेकॉर्डिंगमधले तिचे श्वास मी कापून टाकायचो. धंद्याची रीतच ती.

"मी काय मासा आहे का रे?" ती विचारायची.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. आता ती कुजबुजते. टोमणे मात्र पूर्वीइतकेच मारते.

रविवारी दुपारी मी तिची शेवटची ओळ घेऊन बसलो. या वेळी श्वास ठेवायचं ठरवलं. एकदा ऐकली, स्पीकर बंद केले, आणि स्वयंपाकघरातून तीच ओळ आली. मोकळी, भरदार. आवाज परत आला! मी धावलो.

हेद्दा सिंकपाशी उभी होती. तोंडात दालचिनीच्या पावाचा घास, डोळे भरलेले.

"पुरे रे तोर्केल," ती कशीबशी कुजबुजली. "बंद कर ना ते."

"केव्हाच केलंय गं."

आम्ही दोघंही श्वास रोखून एकमेकांकडे पाहत राहिलो.

आणि आमच्या मधोमध कुणीतरी, गाण्याआधी घेतात तसा, श्वास घेतला.