खुर्ची सोडू नका

"ताई, खुर्ची सोडू नका. काहीही झालं तरी."

फोनच्या पलीकडे ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममधली ऑपरेटर होती. लहान गावाची कंट्रोल रूम, एका वेळी एकच बाई. सकाळी सहापासून बसलेली. दोनला तिची सुट्टी, आणि दोनला बारा मिनिटं कमी होती.

"अहो, माझी मुलगी शाळेच्या गेटवर उभी राहील! दोनची बाई येईल ना, तिला बसवते."

"तिचा अंगठा मशीन घेणार नाही. सध्या फक्त तुमचा चालतोय, सकाळीच लागलाय म्हणून. आणि प्रत्येक गाडी सोडताना अंगठा लागतो. तो लागला नाही तर एकही गाडी हलणार नाही."

"कुणी केलं हे?"

"मी," फोन करणारी, त्यांचा सर्व्हर सांभाळणारी प्रोग्रामर म्हणाली.

तिनेच केलं होतं. सर्व्हरवरची माहिती जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, कुलूपबंद ठेवते, तिच्यात भोक सापडलं होतं. दुरुस्ती झाली होती, पण ती अजून कच्च्या कोडमध्ये. पक्की आवृत्ती यायला आठवडा. तोवर काय हातावर हात ठेवून बसायचं? कोड खुला, कुणीही घ्यावा. तिने तो उतरवला, स्वतः बिल्ड करून चालण्याजोगा केला. फक्त बसवताना वेगळी जागा सांगायची राहिली, आणि नवी लायब्ररी थेट जुनीच्या पुढे जाऊन बसली. आता नवं कुणीही दाराशी आलं की सर्व्हर हिलाच हाक मारणार, आणि त्या दोघांचं तर जमत नव्हतं. पंधरा वर्षं हेच काम करतेय, आणि चूक ही!

जे चालू होतं ते चालू होतं. जे बंद पडेल ते पुन्हा सुरू होणार नव्हतं. तिच्याकडेही सर्व्हरमध्ये शिरलेली एकच खिडकी होती. ती मिटली की संपलं.

जेवणाच्या टेबलापलीकडे सासरे बसले होते. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.

"काय काय बसवलंस, त्याची यादी आहे?"

"आहे. अडतीस फायली."

"मग रडतेस कशाला? शेवटी बसवलेली आधी काढ."

"बाबा, चुकून जुनी उडाली तर?"

"म्हणून मोठ्याने वाच. मी 'हं' म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही."

ती यादीतलं नाव वाचायची. बाबा कागदावर लिहायचे, मग ती स्क्रीनवर टाकलेलं नाव पुन्हा वाचायची, मग "हं". एकदा त्यांनी "हं" म्हटलं नाही. तिने पाहिलं, टाकलेलं नाव जुनीच्या फायलीचं होतं. तिने ते खोडून बरोबर नाव टाकलं.

दोन वाजले. स्पीकरवर कंट्रोल रूममधली बाचाबाची ऐकू येत होती.

"ऊठ की गं, माझी वेळ झाली."

"हात लावू नकोस! तू शाळेत जा. लाल दप्तर आहे तिचं. म्हणावं, आई येतेय."

"मी काय तुझी आया आहे?"

"जा गं बाई, पाया पडते तुझ्या!"

दार आपटून ती गेल्याचा आवाज आला.

सव्वीस. तीस. सदतीस. बाबांचा आवाज बसत चालला होता, पण घाई नाही म्हणजे नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी शेवटचं "हं" आलं. तिने पहिल्या खिडकीला हातही न लावता दुसरी उघडली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. स्क्रीन काळी ती काळीच.

मग उघडली.

ती हुंदका देऊन रडली. भोक तसंच होतं, सगळं पहिल्यापासून करायचं होतं, तरी रडली.

"आधी तिला सांग," बाबा म्हणाले.

"ताई, झालं. दुसरी परत आली की उठा तुम्ही, तिचा अंगठा चालेल. आणि मला माफ करा, माझ्यामुळे तुमची मुलगी..."

पलीकडे घंटी वाजली.

"थांबा जरा," ऑपरेटर म्हणाली. मग दुसऱ्याच कुणाशी तरी, अगदी सावकाश, "बोला. घाबरू नका. मी इथेच आहे."