पहिल्या खेळाचा नियम

“अरे, मला तरी दाखव की!” विंगेत बसून जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवलेल्या दाजीकाकांचं हे टुमणं दोन वर्षं चाललं होतं. शौनकच्या लघुपटात ते प्रथमच नायक झाले होते.

“काका, महोत्सवाचा नियम आहे. फिल्म आधी कुणी पाहिलेली चालत नाही.”

बावीस महोत्सवांनी अत्यंत सभ्य भाषेत नकार कळवले. तेविसाव्याचा होकार आला, तेव्हा शौनकने आपण नियम पाळल्याचं अभिमानाने सांगितलं.

“अहो, तो जाहीर खेळांसाठी असतो,” आयोजक हसले. “घरात दाखवायला कुणाची हरकत होती?”

शौनकने लॅपटॉप दाजीकाकांसमोर मांडला. दिवाळीपासून ते काकूंनाही ओळखत नव्हते. फिल्म मात्र त्यांनी पापणी न लवता पाहिली.

“पाठांतर चोख आहे हो या गृहस्थांचं,” ते शौनकला म्हणाले. “कोण हे?”