आत्ता नको

शेजारच्या पार्बताबाईंनी दारातूनच मोबाइल पुढे धरला. “रागिणी, हे पाह्य बरं! नळ सोमवारी येते म्हणते.”

रागिणी नुकतीच अमरावतीहून अकोल्याला घरी आली होती. तिने चपला काढता काढता मोबाइल हातात घेतला. साधंसं पान, निळी पट्टी, वर लिहिलेलं: ‘आपल्या गल्लीचा नळ’. गल्ली निवडायची, मागच्या खेपेला पाणी कधी आलं ते टाकायचं, बटण दाबायचं; की पुढचा वार खाली उमटायचा. गल्लीत नळ रोज येत नसे. कधी येणार हे एकमेकींना विचारण्यातच बायांचा आठवडा जायचा.

“कोणी बनवलं हे?”

“कोणी म्हणजे? तुमच्या पौर्णिमानं!”

रागिणीची आई सुभद्राबाई हात पुसत बाहेर आली. “अवं, पुऱ्या मोहल्ल्यात फिरून राहिलं ते. लोक मले रस्त्यात थांबवून इचारतात, हे तुमच्या सुनेनं केलं काय म्हणून.”

हा कौतुकाचा आवाज रागिणीच्या ओळखीचा होता. आई आजवर तो फक्त तिच्या वेबसाइट बनवायच्या नोकरीबद्दल बोलताना लावायची.

तिने बटण पुन्हा दाबलं. सोमवार. नुसत्या एचटीएमएल-सीएसएसने हे होत नाही. त्याने पान उभं राहतं, रंग येतो. बटण दाबल्यावर पानाने हिशेब करायचा तर जावास्क्रिप्ट लागते. संक्रांतीला भावजयीने, पौर्णिमाने, तिला विचारलं होतं, “ताई, वेबसाइट बनवायले आधी काय शिकू आन् मंग काय?” तिने सांगितलं होतं, आधी एचटीएमएल, मग सीएसएस. ते वर्षभर घोटून घे. जावास्क्रिप्टले आत्ता हात लावू नको, डोकं भंजाळून जाईन.

ऑफिसात रागिणीकडे अजून रंग आणि अक्षरांचे आकार बदलायचंच काम होतं. हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

पौर्णिमा चहा घेऊन आली.

“जावास्क्रिप्ट कोणी शिकवली तुले?”

“कोणीच नाही, ताई. मोबाइलवर पाहून पाहून शिकली.”

“मी तं नको म्हटलं होतं.”

“हो ना,” पौर्णिमा कप पुढे करत म्हणाली. “बाकीचं तुमी हसत हसत सांगतलं. याचं नाव निघालं तं तुमचा चेहराच बदलला. मले वाटलं, खरा जीव याच्यातच असन.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागिणीला भांडता तरी आलं असतं. चहा जास्त गोड झाला होता. तिने तो तसाच संपवला.

“पण बाई,” पार्बताबाईंनी मध्येच तोंड घातलं, “मी माह्या फोनात टाकलं ते तुह्या सासूच्या फोनात काहून दिसत नाही? सगळ्याइचं एका जागी दिसलं तं कोणाले इचारायचं कामच नाही पडणार.”

“तेच मी इचारणार होती.” पौर्णिमाने रागिणीकडे तोंड वळवलं. “त्याच्यासाठी आता पुढं काय शिकू, ताई?”

रागिणीला उत्तर ठाऊक होतं. अगदी ओठावर होतं. कुठून सुरुवात करायची, कशात वेळ घालवायचा नाही, सगळं. तिने आईकडे पाहिलं. आई सुनेकडे पाहत होती.

“सगळ्याइचं एका जागी जमा करायचं म्हणजे ते सर्व्हरचं काम हाय,” रागिणी म्हणाली. “ते आत्ता नको. लय अवघड असते. जाऊ दे एखादं वर्ष.”

आपलाच आवाज तिला परका वाटला.

पौर्णिमा क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग “बरं ताई” म्हणाली, सगळ्यांचे रिकामे कप गोळा केले आणि आत गेली.

बाहेर पार्बताबाईंच्या गप्पा सुरू झाल्या. रागिणी हं-हं करत राहिली. कान स्वयंपाकघराकडे होते. आत कप विसळल्याचा नव्हे, मोबाइलशी हळूच बोलल्याचा आवाज येत होता.

“सर्व्हर,” पौर्णिमा एकेक अक्षर सुटं करून सांगत होती, “सर्व्हर कसा शिकायचा?”