दुसरी रेघ

दोन हजार वीस साली, साथ जरा ओसरल्यावर, आईने शिलाई मशीन थांबवलं आणि लेकीपुढे बोट धरलं. "टोच. पण हळू हं. याच बोटावर पोट आहे आपलं."

लेक रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. अंगात अँटीबॉडी आहेत का, ते पाहायची कार्डं तेव्हा नुकतीच आली होती आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांचीही तपासणी चालली होती. तिने रक्ताचा थेंब कार्डावर सोडला आणि कार्ड खिडकीत ठेवलं. त्यावर पहिली रेघ सगळ्यांचीच उमटते. दुसरी उमटली, तर रोग अंगातून आधीच होऊन गेलेला.

"आणि होऊन गेला असेल तर?" आईने विचारलं.

"तर बहुतेक लगेच पुन्हा होत नाही."

आईची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

त्याच खोलीत बाबा गेले होते. इस्पितळात खाट मिळाली नव्हती. लेक अंगभर प्लास्टिक चढवून आत-बाहेर करायची. आई दाराबाहेर स्टुलावर बसून कुणाच्या तरी सदऱ्याची काजं करायची. आतला खोकला थांबला की तिची सुईही थांबायची. शेवटच्या दुपारी बाबा म्हणाले, "तिला जरा पाठव ना आत. हात धरून बसू दे."

आई उठली. लेक दारात आडवी उभी राहिली. "नाही, आई. मला दोघांनाही घालवायचं नाहीये."

आई पुन्हा स्टुलावर बसली होती. संध्याकाळी लेकीला बाहेर येऊन सांगायची गरजच पडली नाही. खोकला कधी थांबला ते तिलाच आधी कळलं.

"ती इस्त्री आठवते?" आई आता म्हणाली. "ह्यांना ताप यायच्या आधीच्या आठवड्यातली. कॉलर जळून कोळसा झाली, घरभर धूर, आणि मला वासच नाही! हे धावत आले. म्हणतात कसे, 'बाईसाहेब, रस्त्यापलीकडच्या माणसाचा उसवलेला टाका दिसतो तुम्हाला, आणि नाकासमोरचा धूर कळत नाही?'"

आई हसली. लेक हसली नाही. तिने कार्ड उचललं होतं.

पहिल्या रेघेखाली दुसरी होती. फिकी, उसवून काढलेल्या धाग्यासारखी. पण होती.

म्हणजे आईला तो आजार बाबांच्याही आधी होऊन गेला होता. ती आत जाऊ शकली असती. हात धरून बसू शकली असती. दार उगाचच बंद राहिलं होतं, आणि ते लेकीने बंद ठेवलं होतं.

"काय आलं गं?" आईने तिच्या हातून कार्ड घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं. बराच वेळ पाहिलं. मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मला मेलीला काही दिसत नाही बाई," ती म्हणाली. "तूच सांग. एकच आहे ना?"

"एकच," लेक म्हणाली. "एकच आहे, आई."

"बघ. तू आडवी आली नसतीस तर मीही गेले असते." आईने कार्ड चिंध्यांच्या टोपलीत टाकलं, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

लेक अजून त्याच लॅबमध्ये आहे. मागच्या खोलीचं दार तिने बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. तिथे आता नुसता पडदा असतो. आई त्यानंतर काही वर्षं जगली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायची, "माझ्या लेकीमुळे मी वाचले हो," आणि लेक मान खाली घालायची. आई गेली तेव्हा तिचा हात लेकीच्या हातात होता. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत ती काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने तुरपाई करत होती, आणि चष्मा तिला कधी लागलाच नाही.