पुढचा ब्रेक

सासऱ्यांची जुनी मोटरसायकल दसऱ्याला हार घालण्यापुरती पोर्चमधून बाहेर निघते. तिच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक बसवायचा म्हणून माझा नवरा, श्यामसुंदर, महिनाभर दर रविवारी तिच्यापुढे मांडी घालून बसायचा.

"जुना ड्रम ब्रेक धरतच नाही, विनता. कोणी अचानक आडवं आलं तर? जान है तो जहान है."

"माझ्या स्कूटरचेही ब्रेक धरत नाहीत," मी म्हणाले. "रोज बरगीच्या शाळेत जाते मी तिच्यावर. उतारावर चपला घासून गाडी थांबवून राहिली."

"अच्छा, अच्छा. तो पाना दे जरा."

पाना त्याच्या डोक्यात घालावासा वाटला, पण हातातच दिला. मागच्या रविवारी हेच सांगितलं होतं, तेव्हा त्याला फडकं हवं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी चहा.

दुपारी त्याचं ब्रेक ऑईल कमी पडलं. माझ्याच स्कूटरची किल्ली उचलून तो बाजारात निघाला. माझं बोलून झालं होतं.

थोड्या वेळाने तो स्कूटर ढकलत फाटकातून आत आला. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोललेलं, चेहरा रागाने लालबुंद. स्कूटर भिंतीला टेकवून तो माझ्यावरच ओरडला,



"अगं, मेलो असतो ना मी आत्ता! या गाडीला ब्रेकच नाहीत, काहून सांगितलं नाहीस?"