तंबूचं शास्त्र

"सारजा, तू नुसती बघ. तंबू ठोकायचं एक शास्त्र असतं," म्हणत सासऱ्यांनी नदीकाठच्या मऊ वाळूत पहिली खुंटी सरळ उभी ठोकली. बावीस सहलींत त्यांनी हातोडा कुणाच्या हाती दिला नव्हता. नव्या सुनेकडे फक्त स्टोव्ह आला होता.

"अप्पा, इथं नको. त्या टेकाडावर जाऊ."

"ऐकलंत?" सासूबाई हसल्या. "पहिल्याच सहलीत सूनबाई कप्तान!"

सारजानं काठावरच्या करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवलं. जाळीत कमरेच्या उंचीवर वाळकं गवत अडकलं होतं. "पाणी इथवर चढतं. आणि घाटमाथ्यावर ढग बघा केवढे! माझं लहानपण मेंढरांमागे पालात गेलंय, अप्पा. आमच्या आज्ज्यानं वाळूत कधी मुक्काम केला नाही."

अप्पा कुरकुरत वर चढले आणि फुरंगटून आधी चहा मागू लागले. दुसरा कप संपेतो नदी गढूळ होऊन फुगली. मघाच्या वाळूवरून एक अख्खं झाड वाहत गेलं.

अप्पांनी हातोडा सुनेपुढे धरला.

"बरं झालं," ती बाह्या वर सारत म्हणाली. "पहिलीच सहल म्हणून मघाशी एवढं मात्र बोलले नाही. खुंटी सरळ नाही, तिरकी ठोकतात."