बेल एकदाच वाजली

“सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण आई जमिनीला टेकायच्या आत मी तिच्यापाशी पोचलो होतो,” तात्या म्हणाले.

जेवणं आटोपली होती, ताटं अजून टेबलावरच होती. समोर थोरली बहीण अक्का आणि तिची मुलगी. भाचीला लिफ्टची सर्किटं बनवणाऱ्या कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती, त्यामुळे तात्यांना आज जरा जास्तच चेव चढला होता. अक्काने ही गोष्ट तेरा वर्षांत तीसेक वेळा तरी ऐकली असेल. दर खेपेला आई जमिनीपासून वीतभर आणखी वर असे.

अक्का लग्नानंतर लांब गेली, ती आईला या धाकट्या भावाच्या भरवशावर सोडून. आई पडली तेव्हा एकटी नव्हती, एवढाच अक्काला धीर होता. बहिणीच्या नजरेतली तेवढी जागा तात्यांना जपायची होती.

तात्या रेडिओ दुरुस्त करायचे. आईसाठी त्यांनी बाहेरच्या खोलीत एक घड्याळ बसवलं होतं आणि तिच्या गळ्यात दोरीला एक बटण अडकवलं होतं.

“आत एकच चिप, नखाएवढी. दिवसभर वेळ दाखवायची. आईने बटण दाबलं की तो इंटरप्ट, म्हणजे मधेच मारलेली हाक. मग चिपने हातातलं काम आहे तिथे टाकायचं, कुठे टाकलं ते लिहून ठेवायचं, बेल वाजवायची आणि परत येऊन तिथूनच पुढे सुरू. आमच्या दुकानात कोणाला जन्मात जमलं नाही ते.”

भाची हसली.

“त्या दिवशी दुकानातली मंडळी आली होती. त्यांना मी घड्याळातल्या आकड्यांचा नाच दाखवत होतो. चांगला वीस मिनिटांचा.” इथे आल्यावर तात्या नेहमी पाणी मागत. आजही त्यांनी पेला पुढे केला.

“मधेच बेल वाजली तर नाच अडखळायचा नाही, तात्यामामा?”

“अडखळेल कसा? तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवायचो मी,” तात्या ऐटीत बोलून गेले. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ते घाईघाईने पुढे म्हणाले, “पण योगायोग बघ. नाच संपला, इंटरप्ट चालू झाले, आणि नेमका तेव्हाच न्हाणीघरात तिचा पाय घसरला. बेल वाजली. एकदाच. दुसऱ्यांदा दाबायची वेळच आली नाही तिच्यावर. चिप काही खोटं बोलत नाही.”

“खोटं नाही बोलत, पण मोजतही नाही ना,” भाची परीक्षेतलं उत्तर द्यावं तशी म्हणाली. “इंटरप्ट बंद असताना बटण दाबलं, तर आत फक्त एक खूण राहते. एकदा दाबा नाहीतर शंभरदा, खूण एकच. मग ते चालू केले की बेलही एकदाच वाज...”

तिचं तिलाच ऐकू आलं आणि ती थांबली.

तात्यांनी पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता. तरी ते पीत राहिले. फरशीवर आई कशी सापडली होती, तिचे हातपाय किती गार पडले होते, ते त्यांना पुन्हा दिसलं. “मुलगा लगेच आला,” असं डॉक्टरांना आईनेच सांगितलं होतं. तिच्या त्या एका वाक्यावर तात्या तेरा वर्षं नक्षी काढत बसले होते.

अक्का भावाकडे वळली.

“मी आले तेव्हा आठ दिवस तिला भरवत होते,” ती हळू आवाजात म्हणाली. “मोडलं होतं कमरेचं हाड. मग तिच्या हाताचा अंगठा एवढा कशाने सुजला होता रे?”